सातव्या फेरीचा शेवटचा थांबा

सकाळी कोट खुंटीला अडकवून ओमुरझाक पडद्यासमोर बसला आणि त्याला दिसलं, की सातव्या फेरीतून कोक-जार गेलं होतं. नकाशावर बिश्केकच्या गोदामातून निघालेली निळी रेघ घाटातून वर चढत होती, कोचकोरच्या बाजारात वळसे घेत होती, मग आणखी वर तालदी-सू गावापर्यंत जाऊन तिथंच संपत होती. शर्टाची बाही मनगटाच्या आधीच संपावी तशी. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तालदी-सूच्या पुढे नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात एक ओढा होता, लाकडी पूल होता, उतारावर मोजकी घरं होती, आणि शेवटच्या घरात त्याची थोरली बहीण काल्बुबू दुकान चालवत होती, हे त्याला ठाऊक होतं. पडद्याला ठाऊक नव्हतं.

"सायकाल, तुझं मशीन कोक-जार विसरलं बघ."

पलीकडच्या टेबलावर सायकाल चहात बिस्कीट बुडवत होती. गोदामाच्या मालकांनी संगणकाची नवी योजना बसवली तेव्हा तिला आणलं होतं. पोरगी हुशार होती, मोठ्यांना मान देऊन बोलायची, पण जिभेला धार होती. "मशीन विसरत नाही, बाइके," ती म्हणाली. ओमुरझाकला अख्खं गोदाम बाइके म्हणायचं, थोरला भाऊ म्हणून. "विसरायचं काम आपल्याकडे आहे. कोक-जार त्यानं गाळलंय. तिथला माल हलतच नाही."

"हलत नाही म्हणजे? दर आठवड्याला मागणी येते. मी स्वतः घेतो फोनवर."

"मागणी येते. विक्री होत नाही. मेलिस बाइकेनं फोटो पाठवलाय ना, बघा की." तिनं उठून त्याच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि एक बटण दाबलं. "आणि घाबरू नका, तुम्ही खाली 'मान्य' दाबल्याशिवाय काही पक्कं होत नाही. मालकांनी तुमच्याच नावानं ठेवलंय ते."

या शरद ऋतूपासून नवा नियम होता. प्रत्येक चालकानं प्रत्येक दुकानात उरलेल्या मालाचा फोटो काढायचा, म्हणजे योजनेला कळतं की कुठं काय साचलंय आणि कुठं काय संपलंय. फोटो उघडला. ओमुरझाकला वाटलं होतं की बहिणीच्या घराची पुढची खोली दिसेल, फळ्या, तराजू, काचेच्या बरणीतली गोळ्या-बिस्किटं. पण ती आतली खोली होती. जिथं भिंतीशी रंगीत गोधड्यांची उतरंड असायची तिथं पिठाची पोती छतापर्यंत चढली होती. पोत्यांवर साखरेचे खोके, शेवयांचे खोके, चहाच्या पेट्या, तेलाचे डबे. माणसाला झोपायला तर सोडाच, नमाजाला गुडघे टेकायला जागा नव्हती. पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये हातभर भिंत उघडी राहिली होती. तेवढीच मुद्दाम मोकळी ठेवल्यासारखी. त्या भिंतीवर एक खिळा, खिळ्याला जाळीचं फडकं, आणि फडक्यात वाळून राखाडी झालेला एक गोल नान. त्याची एक कड तोडलेली होती. सायकालला तो फोटोतला डाग वाटला असेल. ओमुरझाकनं नकळत त्यावर अंगठा ठेवला. पडदा गार होता आणि अंगठ्याखाली त्याची स्वतःची कोवळी दातओळ होती.

लष्करात जाताना पहिल्यांदा काल्बुबूनं त्याला नान चावायला लावला होता, तो सगळेच चावतात. जाणाऱ्यानं एक घास तोडायचा, उरलेला नान घरात टांगून ठेवायचा, आणि माणूस परतला की त्यानंच तो संपवायचा. नान वाट पाहतो, म्हणून माणूस येतो. तो परतला होता आणि दुधाच्या चहात भिजवून त्यानं तो खाल्ला होता, काल्बुबू समोर बसून प्रत्येक घासाला हसत होती. आई गेली तेव्हा ओमुरझाक चालायलाही लागला नव्हता. काल्बुबूनं त्याला पाठीला बांधून मेंढ्या राखल्या, पाठीला बांधून शाळेचा उंबरा पाहिला आणि बाहेरूनच परत फिरली. त्याच्या आठवणीतली पहिली गोष्ट म्हणजे तिची मान होती. उन्हानं काळवंडलेली, लोकरीचा आणि धुराचा वास येणारी, आणि त्या मानेपलीकडे वरखाली हलणारा डोंगर. मग एका हिवाळ्याच्या तोंडावर तो शहरात निघाला. तेव्हा या शहराचं नाव फ्रुंझे होतं आणि इथल्या सरकारी गोदामात हमालाची जागा निघाली होती. तिनं पुन्हा नान पुढे केला. तो हसला होता, "एजे, मी काय लढाईला चाललोय? बसनं चाललोय." एजे म्हणजे ताई. ती हसली नाही. "चाव," म्हणाली. त्यानं मोठा घास तोडला होता, लवकर येईन असं दाखवायला.

त्यानंतर तो कितीदा तरी गेला. लग्नाला गेला, बारशांना गेला, बायकोला घेऊन गेला, पोरांना घेऊन गेला. दर वेळी तो नानकडे बोट दाखवून म्हणायचा, "आण तो, खाऊन टाकतो." आणि दर वेळी ती ताजा, वाफाळता नान समोर ठेवायची. "तू पाहुणा आलायस. पाहुण्याला ताजा देतात. तो घरच्याचा आहे." त्याला ती थट्टा वाटायची. ती थट्टा होती का, हे त्यानं कधी विचारलं नाही. पुढे सरकारी गोदाम बुडालं, खाजगी आलं, तो हमालाचा गाड्या लावणारा झाला. कोणता ट्रक कुठल्या वाटेनं जाईल, कुणाला किती पोती, हे तो भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहायचा आणि संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायचा. कोक-जारमधल्या दुकानाची कल्पना त्याचीच. जेज्दे, म्हणजे तिचा नवरा, तेव्हा होता. गावात माणसं होती, पोरं होती, लग्नं होती. तालदी-सूला जाणारा ट्रक थोडा पुढे नेला की झालं. पहिल्यांदा फळ्यावर कोक-जार लिहिताना त्याला जे वाटलं होतं ते त्याला आता, या गार खोलीत, अंगावर शहारा यावा तसं आठवलं. त्याला वाटलं होतं, आपण तिच्या दारापर्यंत एक रस्ता बांधला.

रस्ता झाला आणि त्याचं जाणं कमी झालं. हे त्याला आज कळलं असं नाही. हे पावसाळी ढगासारखं डोक्यावर होतंच, त्यानं फक्त मान वर केली नव्हती. ट्रक जायचा. ट्रकातून तिची औषधं जायची, नव्या चपला जायच्या, नातवंडांचे फोटो जायचे. ट्रकातून लोण्याचा डबा यायचा, कुरूतच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या, आंबट गोळ्या यायच्या, पोरांच्या मापाचे लोकरी मोजे यायचे, पोरं कधीच त्या मापाची राहिलेली नसायची. जेज्दे वारला, त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तो गेला होता तो शेवटचा. त्यानंतर दर आठवड्याला फोन. "एजे, बरी आहेस?" "बरी आहे. तू?" "बरा. काय पाठवू?" "नेहमीचंच." "बरं, नेहमीचंच." एवढंच. तो एक शब्द दोघांच्या मधून पोत्यासारखा इकडून तिकडे जायचा, त्यात काय आहे हे कुणी उघडून बघायचं नाही. गावातली माणसं एकेक करून रशियात गेली, तिचा मुलगा नोवोसिबिर्स्कला गेला, शाळा बंद पडली. या बातम्याही त्याला ट्रकातूनच कळल्या होत्या. आणि तरी खडू हातात घेतला की सातव्या फेरीच्या शेवटी तो कोक-जार लिहायचा, आणि तिथं पीठ कोण खातं हा प्रश्न त्याला पडला नाही. तिची मागणी कमी करणं म्हणजे तिची चूलच लहान करणं. असं कोणता भाऊ करेल?

तो उठून अंगणात गेला. गोदामाच्या दारांशी ट्रक मागे वळवून उभे होते आणि हमाल माल चढवत होते. नव्या योजनेनं अंगणाची सवय बदलली होती. जो माल जास्त खपतो तो दाराशी, जो कमी तो आत. शेवटच्या थांब्याचा माल आधी चढतो, पहिल्याचा मागून. अर्धे रिकामे ट्रक घाटातून धापा टाकत जायचे ते बंद झालं होतं. पूर्वी कोचकोरचा हॉस्टेलवाला दूध फाटलं म्हणून फोनवर शिव्या द्यायचा, आता देत नव्हता. सगळं चांगलंच झालं होतं. ओमुरझाकला योजनेचा राग येत नव्हता, आणि राग येत नाही याचंच त्याला वाईट वाटत होतं. चिडायला समोर कुणी असतं तर बरं झालं असतं.

मेलिस चाकावर लाथ मारून हवा बघत होता. जाडजूड, सोन्याच्या दाताचा, सातवी फेरी त्याचीच. ओमुरझाकला येताना पाहून त्यानं दुसऱ्या चाकाकडे तोंड फिरवलं.

"फोटो काढलास तो."

"नियम आहे. न काढला तर ती पोरगी माझा पगार कापते."

"आतल्या खोलीचा काढलास."

"पुढच्या खोलीत माल मावतो कुठं आता?" मेलिसनं टोपी मागे सरकवली. "बाइके, माझ्यावर डोळे वटारू नका. वर्षानुवर्षं मी ती पोती वाहतोय. ट्रकातून तिच्या घरात, घरातल्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. माझ्या कमरेला विचारा."

"मला बोलला का नाहीस?"

"तिनं शपथ घातली. नान हातात देऊन शपथ घातली, मी काय करू? तोंडात घास होता माझ्या." मेलिस मग हळू आवाजात म्हणाला, "ती म्हणायची, मेलिस, माझा भाऊ तिथं या थांब्याच्या जोरावर नोकरीला आहे. कोक-जार बंद झालं तर म्हातारा म्हणून त्याला काढून टाकतील. त्याला सांगू नकोस, मी घेत जाईन."

अंगणात कुणीतरी शिट्टी वाजवली, एक ट्रक मागे आला, दोघं बाजूला झाले. डिझेलच्या धुरात ओमुरझाकला एकदम तिच्या मानेचा वास आला आणि तो तोंड पुसत उभा राहिला.

"पण पैसे? ती दर वेळी रोख देते."

"मेंढ्या," मेलिस म्हणाला. "तुम्ही शेवटचे गेलात तेव्हा कळप होता. आता कुत्रा आहे. राखायला काही नाही म्हणून तोही दिवसभर पोत्यांवर झोपतो." तो हसायला गेला आणि हसला नाही. "लोकांना म्हातारपणी भाऊ पोसतो. तुम्हाला ती पोसतेय आणि तुम्हाला पत्ता नाही. शाब्बास."

ओमुरझाक खोलीकडे वळला. त्याला वाटत राहिलं, की आपण तिच्यासाठी ट्रक पाठवत होतो आणि ती आपल्यासाठी तो उतरवून घेत होती, आणि दोन बाजूंनी दोघं एकच ओझं उचलून धरत होतो, ज्याची दोघांनाही गरज नव्हती. खाली ठेव, एवढं म्हणायला कुणी तरी एकानं दुसऱ्याच्या घरी जायला हवं होतं.

फोन त्यानं खोलीत परत येऊन केला. सायकालनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कप उचलला आणि बाहेर गेली.

"एजे, बरी आहेस?"

"बरी आहे, कुचुक." कुचुक म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. बासष्टाव्या वर्षीही तो तिचा कुचुकच होता. "तुझा खोकला गेला का? मेलिसबरोबर चरबी पाठवली होती, छातीला लावलीस?"

"लावली." लावली नव्हती.

"मग ठीक. लिही, नेहमीचंच."

"एजे, या वेळी जरा कमी पाठवू का?"

तिकडे कुत्र्यानं जांभई दिल्याचा आवाज आला, इतकं जवळ. "का रे? तुमच्याकडे माल संपला? की तुला काही म्हणाले?"

"नाही, नाही. नवी योजना आलीय. संगणक ठरवतो, कुठं किती गाड्या. त्याचं म्हणणं, गाडी तालदी-सूपर्यंतच जावी." तो एका दमात बोलला. फोटोचं बोलला नाही. मेंढ्यांचं बोलला नाही. त्यांच्याकडे मरणाची बातमीसुद्धा सरळ सांगत नाहीत, ससाणा उडाला, घोडा मोकळा सुटला असं आडून आडून सांगतात आणि ऐकणारा समजतो. तो आडून सांगत होता, म्हणजे तिला समजलंच नाही असं दोघांनाही म्हणता यावं.

"आणि तुला?" ती म्हणाली. "तुला नाही ना काढलं?"

"मला काढलं नाही, एजे. मला वर बसवलंय. मी नुसतं बटण दाबतो."

"हां." तिनं सोडलेला श्वास त्याच्या कानावर आला, एवढा लांब, जणू तो कित्येक हिवाळे तिनं धरून ठेवला होता. "मग बरं झालं. मेलिसची कंबर वाचेल. मेला येता-जाता कण्हतो." मग तिचा आवाज लहान झाला. "एकदा तरी येईल का गाडी? उरलंय थोडं. परत न्यायला."

"येईल. मीही येतो त्या गाडीबरोबर."

"ये," ती म्हणाली. तिनं ते असं म्हटलं, की त्याला उगाच राग आला. लहान मूल चंद्र आणतो म्हणालं तर मोठी माणसं म्हणतात तसं.

त्यानं 'मान्य' दाबलं. काही झालं नाही. रेघ तशीच निळी राहिली.

तो खरंच जाणार होता. त्यानं बायकोला सांगितलं, काल्बुबूसाठी जाड शाल घेतली, मेलिसच्या शेजारची जागा मोकळी ठेवायला लावली. मेलिसनं आसनावर गालिच्याचा जुना तुकडासुद्धा पसरला, "तुमच्या हाडांसाठी," म्हणाला. पण निघायच्या सकाळीच मालकांनी ओशहून पाहुणे आणले, नव्या योजनेत गोदाम कसं चालतं ते दाखवायला. धाकटा मालक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाइके, आज तुम्ही हवेतच. जुनं आणि नवं दोन्ही पाहिलेला माणूस तुम्हीच." आणि ओमुरझाकच्या आत काहीतरी सैल झालं. नंतर तो त्या सैल होण्याकडे पुन्हा पुन्हा परतला, दुखऱ्या दाताकडे जीभ परतते तशी. त्याला वाईट वाटलं होतं, पण त्या वाईटाच्या खाली, अगदी तळाशी, सुटल्यासारखंही वाटलं होतं. त्या खोलीत त्याला उभं राहावं लागणार नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर पोती मोजावी लागणार नव्हती. त्यानं शाल मेलिसच्या हातात दिली. मेलिसनं शालीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग इंजिन सुरू केलं. रिकाम्या आसनावर शाल बसून गेली. पुन्हा एकदा ट्रक गेला आणि तो राहिला.

परत आला तेव्हा ट्रक भरलेला होता. उतरणीवर ब्रेक तापल्याचा वास अजून येत होता. हमालांनी पोती उतरवायला सुरुवात केली आणि त्यांची थट्टा हळूहळू बंद झाली. वरची पोती ताजी होती. खालची जुनी होती, त्यांच्यावरची कंपनीची खूण आता कुणी छापत नव्हतं, पिठाला आंबूस वास होता, शिवणीतून किडे बाहेर येत होते. सर्वांत तळाच्या चहाच्या पेट्यांवरची चित्रं ओमुरझाकनं ओळखली. जेज्दे गेला त्या हिवाळ्यात त्यानं पाठवलेल्या होत्या. म्हणजे तेव्हापासून तिथं कुणी काही विकत घेतलंच नव्हतं. पोती एकामागून एक खाली येताना पाहून त्याला वाटलं, आपले सगळे फोन उतरवताहेत. एकेक नेहमीचंच, शिवलेलं, तसंच्या तसं.

मेलिस केबिनमधून शेवटचा उतरला. त्याच्या हातात ती शाल होती, घडी तशीच, आणि शालीत काहीतरी गुंडाळलेलं.

"घेतली नाही तिनं?"

"घेतली. पांघरून बघितली, आरशात बघितली. मग म्हणाली, यात हे बांधून दे, वाटेत फुटायला नको." मेलिसनं ती त्याच्या हातांवर ठेवली. वजन नव्हतंच जवळजवळ. "मी विचारलं, हे काय एजे, हेही परत जाणाऱ्या मालात? तर म्हणाली, गाडीच येणार नाही तर तो कशानं येणार? त्याचा नान त्याच्यापाशी असू दे."

"रागावली होती?"

"छे. चहा पाजला, तळलेले बोर्सोक खाऊ घातले, माझ्या आईची चौकशी केली. राग असता तर मी सांगितलं असतं, बाइके. तुम्हाला बरं वाटलं असतं."

खोलीत सायकाल परत आलेल्या मालाची नोंद घेत होती. तिनं एकदा त्या गाठोड्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे वळली. ओमुरझाकनं शाल सोडली. नान दगडासारखा झाला होता, मधल्या नक्षीत धूर बसला होता, आणि कडेला तो घास होता. मोठा. लवकर येईन म्हणून घेतलेला. दातांच्या खुणा अजून स्पष्ट होत्या, समोरच्या दोन दातांमधली फटसुद्धा. त्यानं तो तोंडाजवळ नेला. त्याचे पुढचे दात आता धातूचे होते, आणि ते त्या खुणांत बसले नाहीत. दुसऱ्याच कुणाचा घास होता तो. चहात भिजवून खाता आला असता. पण इथं खाल्ला तर त्याचा अर्थ एवढाच झाला असता, की माणूस घरी पोचला, आणि घर म्हणजे हे, ही खोली, हा पडदा. त्यानं तो परत शालीवर ठेवला. मग फोन उचलला.

"पोचलं का सगळं?" तिनंच आधी विचारलं. "मेलिस नीट आला? वर बर्फ धरलंय आज, पूल पांढरा झालाय."

"पोचलं." त्यानं शालीची कड नानवर ओढली. "एजे, तो खिळा आहे का अजून भिंतीला?"

"खिळा? आहे की. रिकामा बरा दिसेना, म्हणून चहाची गाळणी अडकवलीय."  तिच्या मागे खोली मोठी झाल्यासारखी वाजत होती, आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. "का रे कुचुक? काढू का गाळणी?"

बाहेर दुसऱ्या दिवशीच्या गाड्या भरत होत्या, शेवटच्या थांब्याचा माल आधी. काढ म्हणायचं होतं. एकच शब्द होता, आणि तो म्हटला की नान घेऊन निघावं लागणार होतं. गाडी नव्हती, रस्त्यावर बर्फ होतं, तालदी-सूपासून पुढे त्याचे गुडघे होते, आणि यातलं एकही खरं कारण नव्हतं. फोन कानाशी तापत गेला. ती तिकडे वाट पाहत थांबली होती. घाई नव्हती तिला. तिला या कामाची सवय होती.

"राहू दे," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि गाळणीतून चहा ओतायला गेली.